मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को : किती लांब, किती वेळ

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. काल रात्री जेवताना निदान सहा जणांनी मला विचारलं की विमान कंपनीत तू नक्की करायचास काय. पायलट नाही, इंजिनियर नाही, तिकीटवाला नाही, मग तीस वर्षं पगार कशाचा घेतलास? तेव्हा आधी ते सांगून टाकतो. मी फ्लाइट डिस्पॅचर होतो. विमान निघायच्या काही तास आधी कोणत्या वाटेनं जायचं, किती उंचीवरून, किती इंधन भरायचं, मधेच काही झालं तर कुठे उतरायचं, हे सगळं कागदावर मांडायचं आणि कॅप्टनच्या हातात द्यायचं, हे आमचं काम. कॅप्टनला पटलं तर तो सही करतो, नाही पटलं तर वाद घालतो. एस.टी.च्या भाषेत सांगायचं तर मी कंट्रोलर होतो. फक्त स्टँडवर माझी केबिन नव्हती आणि प्रवासी मला शिव्या देऊ शकत नव्हते.

आता विषय. आपल्या वर्गातले अठरा जण आज देशाबाहेर आहेत. त्यातले सात एकट्या कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास. म्हणून मी मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हीच वाट घेतो. प्रश्न दोनच. किती लांब? आणि किती वेळ?

पहिला प्रश्न सोपा वाटतो. आपल्या नववीच्या वर्गात फळ्याच्या डाव्या बाजूला जगाचा नकाशा टांगलेला असायचा, खालची पट्टी कायम निसटलेली. त्यावर भारत उजवीकडे आणि अमेरिका पार डावीकडे. त्या नकाशावर पट्टी ठेवून मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ रेघ ओढली तर ती अरबस्तानावरून, सहारावरून, अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या दक्षिण भागातून जाते. दिसायला एकदम सरळ. पण भिंतीवर असतो तसल्या नकाशावरची ही सरळ रेघ प्रत्यक्ष जमिनीवर मोजली तर सुमारे १९,००० किलोमीटर भरते. आणि खरं सर्वांत कमी अंतर आहे सुमारे १३,५०० किलोमीटर. साडेपाच हजार किलोमीटरचा फरक, निव्वळ गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरल्यामुळे.

भूगोलाच्या बाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्ही पृथ्वीगोलावर दोरा ताणून दाखवला होता. तो गोल आम्हाला हात लावायला मिळायचा नाही, पण दोरा दिसायचा. तोच दोरा आजही लागतो. मुंबईवर एक टोक धरा, सॅन फ्रान्सिस्कोवर दुसरं, आणि ताणा. दोरा पश्चिमेला जात नाही, पूर्वेलाही जात नाही. तो जवळजवळ सरळ उत्तरेला जातो. दिल्लीच्या थोडं पश्चिमेकडून, हिमाचल-लडाखवरून, चीनच्या शिनजियांगमधून, सगळा सायबेरिया ओलांडून तो आर्क्टिक महासागरात शिरतो. सत्त्याहत्तर अंश उत्तर अक्षांशाच्या जवळपास पोहोचतो, आणि मग अलास्कावरून खाली उतरत कॅलिफोर्नियात. म्हणजे अमेरिकेला जायला निघालेला माणूस घरातून बाहेर पडून आधी हिमालयाकडे तोंड करतो. आपल्या आज्या काशीला जायच्या तेव्हाही याहून फार वेगळी दिशा नव्हती.

इथे एक गणित सांगायचा मोह आवरत नाही, गणिताचे सर रागावणार नाहीत. आम्ही किलोमीटर वापरत नाही, सागरी मैल वापरतो. त्याचं कारण गमतीचं आहे. पृथ्वीच्या मध्यापासून मोजलेल्या कोनाचं एक मिनिट म्हणजे पृष्ठभागावर एक सागरी मैल, १,८५२ मीटर. मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यात कोन आहे साधारण साडेएकशेएकवीस अंशांचा. गुणिले साठ, म्हणजे ७,२९० सागरी मैल. त्याचे किलोमीटर केले की साडेतेरा हजार. झालं. अंतर म्हणजे मुळात कोनच. आणि पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर असल्यामुळे कोणताही माणूस दुसऱ्या कोणत्याही माणसापासून २०,००० किलोमीटरहून जास्त लांब जाऊच शकत नाही. ज्यांचं जावयाशी पटत नाही त्यांनी ही मर्यादा लक्षात ठेवावी.

आता दुसरा प्रश्न, वेळ. लांब पल्ल्याचं विमान ताशी साधारण ९०० किलोमीटरनं जातं. साडेतेरा हजार भागिले नऊशे, पंधरा तास. मग वेळापत्रकात सोळा-सतरा तास का लिहिलेले असतात? कारण त्या दोऱ्यावरून विमान जातच नाही.

पहिली अडचण हिमालय आणि तिबेट. विमान तिथून उंच उडू शकतं, त्यात काही नाही. प्रश्न असतो केबिनमधला हवेचा दाब गेला तर. तसं झालं की कॅप्टनला विमान दहा हजार फुटांच्या आसपास खाली आणावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू काही मिनिटंच पुरतो. आणि तिबेटात दहा हजार फुटांवर हवा नाही, डोंगर आहेत. म्हणून वाट वाकवावी लागते.

दुसरी अडचण आकाश कुणाचं आहे ही. २०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. सायबेरियावरून जाता येणं आणि न येणं यात काही तासांचा फरक पडतो. मग २०२५च्या एप्रिलअखेर पाकिस्तानानं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, भारतानंही त्यांना केलं. दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना त्यामुळे व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. दोन शहरं जागच्या जागी होती. अंतर एक मीटरनं वाढलं नव्हतं. वेळ वाढला.

तिसरी गोष्ट वारा, आणि ही माझी सर्वांत आवडती. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. ताशी शंभर, दीडशे, हिवाळ्यात कधी तीनशे किलोमीटरच्या वर. तो पाठीशी असला तर विमानाचा जमिनीवरचा वेग ताशी हजाराच्या पुढे जातो, समोरून आला तर सातशेवर येतो. २०१६च्या ऑक्टोबरात एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकच्या वाटेवरून काढून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. आधीची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, नवी सुमारे १५,३०० किलोमीटरची. चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? सुमारे दोन तास कमी! साडेचौदा तासांत विमान पोहोचायला लागलं, कारण वारा पाठीशी होता. आमच्या ऑफिसात तेव्हा नवीन मुलं शिकायला यायची, त्यांना मी हेच उदाहरण द्यायचो. अंतर कमी करायला बसू नका, वेळ कमी करा. इंधनही वेळेवर जळतं, अंतरावर नाही.

इंधनाचं म्हणाल तर एवढ्या उड्डाणाला शंभर टनांहून जास्त लागतं. आणि ते वाहून न्यायलाच इंधन लागतं. खबरदारी म्हणून जास्तीचं भरलं तर त्यातलं बरंच पोहोचेपर्यंत ते स्वतःचं ओझं वाहण्यातच जळून जातं. म्हणून डिस्पॅचरला भित्रं राहून चालत नाही आणि धीट राहूनही चालत नाही. उत्तरेच्या वाटेवर आणखी एक काळजी: आपल्याकडचं विमानाचं इंधन उणे ४७ अंशांला गोठतं, आणि ध्रुवाजवळच्या आकाशात बाहेरचं तापमान त्याहून खाली जाऊ शकतं. टाकीतलं इंधन किती थंड झालंय यावर डोळा ठेवावा लागतो. फार थंड झालं तर उंची बदलायची किंवा वेग वाढवायचा. तुम्ही त्या वेळी पांघरूण घेऊन तिसरा सिनेमा बघत असता.

पूर्वी काय होतं हेही जाता जाता सांगतो. १९४८च्या ८ जूनला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचं. कैरो आणि जिनिव्हाला थांबत ते १० जूनला पोहोचलं. आज मुंबई-लंडन नऊ-दहा तास. १९६०मध्ये बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जायला लागलं. आज मुंबई-न्यूयॉर्कचं साडेबारा हजार किलोमीटर अंतर एका उड्डाणात कापलं जातं, आणि सिंगापूरहून न्यूयॉर्कला पंधरा हजार किलोमीटरहून जास्त, जवळजवळ एकोणीस तास.

आणि घड्याळाचं. मुंबईहून दुपारी दोनला निघालेलं विमान हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास उतरतं. तिथलं घड्याळ साडेतेरा तास मागे, त्यामुळे कागदावर तीन तास. आपल्या एका मित्राची आई पहिल्यांदा सुनेच्या बाळंतपणाला गेली, तेव्हा तिथून फोन करून म्हणाली, “अरे, इथे येऊन पाहते तर अजून तीच तारीख! कराडहून मुंबईला यायला याच्या दुप्पट वेळ लागला की रे.” मावशींचं चुकलं नव्हतं.

इथपर्यंतचं सगळं तुम्हाला कुणीही सांगेल. आता जे फक्त इथेच सांगता येईल ते सांगतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत मला रात्री-अपरात्री जे फोन आले, त्यात कंपनीचे निम्मेच होते. उरलेले तुमचे. वेळ बहुतेक रात्री दहानंतरची, कारण तेव्हा तिकडे सकाळ होते आणि इकडचा निरोप पोहोचलेला असतो. वाक्य ठरलेलं: “लवकरात लवकर कसं पोचता येईल?” आई पडली. बाबांना आयसीयूत हलवलं. ही माझी दुसरी नोकरी होती असं म्हणा हवं तर. बिनपगारी, आणि त्यात मी कधी रजा घेतली नाही.

अशा वेळी माणूस पहिलं काय करतो? थेट विमान शोधतो. सर्वांत कमी तासांचं उड्डाण. पण ते उड्डाण परवा असेल तर त्याचे कमी तास घेऊन काय करायचं? माझा हिशेब वेगळ्या जागेपासून सुरू व्हायचा. उड्डाणाचे तास नाहीत, आत्ता फोन ठेवल्यापासून घराच्या उंबरठ्यापर्यंतचे तास.

एक उदाहरण सांगतो. ती मैत्रीण आज इथे आहे, तिला विचारूनच सांगतोय. ऑक्टोबर महिना, बुधवार, रात्रीचे अकरा. कॅलिफोर्नियात बुधवारचीच सकाळ, साडेदहा. तिचे वडील कराडच्या दवाखान्यात, डॉक्टरांनी भावाला सांगितलेलं की बोलावणं करायचं असेल तर करा. त्या दिवशीचं थेट विमान निघून गेलं होतं, पुढचं दोन दिवसांनी. आखातातून बदलून येणारं एक विमान मात्र दुपारी चारला होतं. ती म्हणाली, “ते तर लांबून जातं ना?” दुबईमार्गे अंतर सुमारे १५,००० किलोमीटर होतं, दीड हजार जास्त. मी म्हटलं, लांबून जाऊ दे, आज जातंय. सोबत फक्त हातातली बॅग घे, सामान टाकू नकोस.

मग मी कागद घेतला. विमान सुटेपर्यंत साडेपाच तास. सोळा तास उड्डाण. तिथे तीन तास थांबायचं. तीन तास मुंबई. बाहेर पडायला एक तास, गाडी दारात उभी. तिथून कराड तीनशे किलोमीटर, पहाटेची वेळ, एक्स्प्रेस वे मोकळा, खंबाटकीला ट्रक असणार, सहा ते साडेसहा तास. एकूण पस्तीस. म्हणजे शुक्रवारी सकाळी दहा. मी तिच्या भावाला फोन केला आणि सांगितलं: दहाच्या आधी नाही, बाराच्या पुढे नाही.

बघा, पंधरा हजार किलोमीटरला एकोणीस तास आणि तीनशे किलोमीटरला सहा. सगळ्या हिशेबात मला खात्री नव्हती ती शेवटच्या तीनशेचीच. वाऱ्याचा अंदाज बारा तास आधी बरोबर येतो, पुण्याच्या बाहेरच्या वाहतुकीचा येत नाही.

गुरुवारी संध्याकाळी सहाला काका गेले. भावानं मला फोन केला. मी फोनवर तिचं विमान बघतच होतो, कॅस्पियन समुद्राच्या आसपास होतं. उतरायला अजून अडीच तास. त्यानं दोन गोष्टी विचारल्या. पहिली, तू बारा म्हणाला होतास, ते नक्की का? कारण घरात माणसं जमली होती, थोरले म्हणत होते की रात्रीच उरकून घ्या, कशाला ताटकळायचं. मी म्हटलं, विमान वेळेवर आहे, पुढचंही वेळेवर सुटतंय, बारा नक्की. त्यानं घरात तेवढंच सांगितलं, “बारा वाजेपर्यंत थांबायचं.” त्यावर कुणी काही बोललं नाही. “येतेच आहे”, “निघालीय”, “बघू” असं सांगितलं असतं तर माणसं थांबली नसती, आणि त्यांना दोषही देता आला नसता. आकड्याला माणसं थांबतात.

दुसरी गोष्ट त्यानं विचारली ती मला जड गेली. ती उतरल्यावर मेसेज करणार, बाबा कसे आहेत. सांगू, की घरी आल्यावरच कळू दे? हा डिस्पॅचरचा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, तिचा भाऊ तू आहेस, तू ठरव. मी फक्त इतकंच सांगतो की त्या विमानतळावर तिच्याकडे तीन तास आहेत, मग विमानात तीन, मग गाडीत सहा. त्यानं तिला खरं सांगितलं. तीन तास अनोळखी विमानतळावर, एकटी. मला वाटलं होतं, फार कठोर झालं हे. पण तिनं मला नंतर सांगितलं की बरं झालं. ती म्हणाली, “गाडीत साताऱ्यापर्यंत माझं रडून झालं होतं. घरात शिरले तेव्हा मला आईकडे बघता आलं.” ती दहा वाजून चाळीस मिनिटांनी पोहोचली.

दुसरं उदाहरण उलटं आहे. आपला एक मित्र मेलबर्नला असतो. मेलबर्न मुंबईपासून ९,८०० किलोमीटर, सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा ३,७०० किलोमीटर जवळ. उड्डाण बारा-साडेबारा तासांचं. आई गेली तेव्हा त्याचा पासपोर्ट नूतनीकरणासाठी कचेरीत पडलेला होता. जगातलं सर्वांत वेगवान विमान दारात आणून उभं केलं असतं तरी उपयोग नव्हता. तो आला नाही. फोनच्या पडद्यावर त्यानं सगळं पाहिलं, आणि खांदा दिला तो आपल्या वर्गातल्या चौघांनी. त्यातल्या एकाचा आणि त्याचा दहावीनंतर संबंध नव्हता, शाळेत तर दोघांची मारामारी झालेली. पण त्या दिवशी हा दुकान बंद करून सकाळी सातला त्यांच्या दारात होता. पुढे लोक मागून बोलले, मुलगा आला नाही म्हणून. मला ते बोलणं मुळीच मान्य नाही. ज्यांनी कधी हा हिशेब केलेला नाही त्यांनी तो दुसऱ्याच्या नावावर मांडू नये. विमानाच्या तिकिटावर लिहिलेले तास हे सगळे तास नसतात.

म्हणून बाहेर राहणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं, आणि हे व्यावसायिक माणसाचं सांगणं समजा. पासपोर्टची मुदत संपायच्या वर्षभर आधी बघा. नूतनीकरणाला टाकायचा तर आई-वडिलांची तब्येत बरी असताना टाका. ज्यांनी तिथलं नागरिकत्व घेतलंय त्यांनी ओसीआय कार्ड पासपोर्टाच्या बरोबरच ठेवावं, बँकेच्या लॉकरमध्ये नाही. वेळ आलीच तर तिकीट शोधताना मुंबई एवढंच बघू नका. पुणे, गोवा, हैदराबाद, बेंगळुरू, सगळं बघा. बेंगळुरूहून कराड लांब आहे, पण सहा तास आधी सुटणारं विमान तिथे जात असेल तर गणित बदलतं. मुंबईला उतरून पुढे कोल्हापूरला विमान मिळत असेल तर घाईत ते घेऊ नका. एकदा ते चुकलं की दिवस गेला. गाडीला चुकायचं काही नसतं. आणि लांब उड्डाणात दर दोन तासांनी उठून चाला, पाणी प्या. पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका खरा असतो, आपण आता पंचविशीत नाही. हे मी रात्रीच्या कार्यक्रमात नाचणाऱ्यांकडे बघून सांगतोय.

आणि इथे राहणाऱ्यांना. तुमच्यापैकी बरेच जण म्हणता, आम्ही कुठे काय केलं, कराड सोडलंच नाही. ओगलेवाडीच्या स्टेशनवर कोयना एक्स्प्रेसला पोचवायला आलात आणि परत गेलात. माझा हिशेब असा आहे की पस्तीस तासांच्या त्या वाटेवर पहिले पस्तीस तास तुमच्याच हातात असतात. रुग्णवाहिका कुणी बोलावली, दवाखान्यात सही कुणी केली, रात्री आईजवळ कोण बसलं. विमान त्या वेळी आर्क्टिकवर असतं. तिथून काही करता येत नाही, कुणालाच.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. रात्रीचे फोन मी अजून घेतो आणि घेणार आहे. पण मी एकटा आहे, आणि मीही कधी तरी झोपेन. म्हणून कराडात राहणाऱ्या पाच जणांशी बोलून एक यादी केली आहे. बाहेर असलेल्या प्रत्येकाच्या घरचा पत्ता, आई-वडिलांचे आजार आणि चालू औषधं, डॉक्टरांचं नाव, शेजाऱ्यांचा फोन, दुसरी किल्ली कुणाकडे आहे, आणि तुमच्याकडून घरापर्यंत उंबरठा ते उंबरठा किती तास लागतात तो आकडा. आकड्याचा रकाना मी भरून देतो, बाकीचे तुम्ही भरायचे. अठरापैकी अकरा जणांचं झालंय. राहिलेल्या सातांपैकी चार इथे समोर बसले आहेत, मला दिसतायत. कागद बाहेर चहाच्या टेबलावर ठेवले आहेत, उपम्याच्या पातेल्याशेजारी. पेनही ठेवलं आहे, ते परत पाहिजे.